दिसत नाही, एवढंच

आण्णाच्या तिसऱ्या एमआरआयचा कागद हातात पडला तेव्हा फाल्गुन लागला होता. मिरजेहून परत येताना आम्ही पेठ नाक्यावर उतरलो. शिराळ्याच्या एसटीला अर्धा तास होता. समोरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून मी पाकीट उघडलं आणि शेवटची ओळ आधी वाचली. सरकारी दवाखान्यांत एक्स-रे टेक्निशियन म्हणून ३१ वर्षं काढली, ही सवय आता जायची नाही. ओळ इंग्रजीत होती. मी ती आण्णाला मराठीत सांगितली, "गाठ शिल्लक असल्याची खूण दिसत नाही."

आण्णानं बशी खाली ठेवली. "दिसत न्हाई, का न्हाई?"

"दिसत नाही."

"आगं पर हाय का न्हाई, त्ये सांग की बायडे."

मला बोलता येईना. एवढ्यात एसटी आली, आम्ही चढलो, त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी मात्र तो प्रश्न घेऊनच घरी आले.

हाच प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो १९७९ साली, कराडच्या कॉलेजात. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेले आम्ही सातजण होतो. सरांच्या टेबलावर रोज पाण्याचा तांब्या असायचा. त्या दिवशी त्यांनी तो मुद्दाम बाहेर ठेवला आणि विचारलं, "टेबलावर तांब्या आहे का?" आम्ही म्हटलं, नाही. "कशावरून?" डोळ्यांनी दिसतंय की. "डोळ्यांना टेबल दिसतंय. 'नाही' कसं दिसलं?"

सगळा तास त्यावर गेला. नैयायिक म्हणतात, तांब्याचा अभाव आपल्याला प्रत्यक्षच दिसतो. बौद्ध धर्मकीर्ती म्हणतो, ते अनुमान आहे. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो, दोन्ही नव्हे. न दिसणं हेच ज्ञानाचं वेगळं साधन आहे. त्याला नाव दिलं अनुपलब्धी. पुढे अद्वैत्यांनीही ते मान्य केलं. भांडण मोठं आहे, पण एका अटीवर सगळ्यांचं जमतं. ती वस्तू तिथं असती तर दिसली असती, अशी परिस्थिती पाहिजे. अंधारात तांब्या दिसला नाही म्हणून तांब्या नाही असं म्हणता येत नाही. आणि कोपऱ्यात पिशाच नाही, असं तर डोळ्यांच्या भरवशावर कधीच म्हणता येत नाही, कारण पिशाच असतं तरी डोळ्यांना दिसलं नसतंच. दिसण्याजोगं असूनही जे दिसलं नाही, तेवढ्यालाच 'नाही' म्हणायचं. शास्त्रात त्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलं होतं. त्याचा अर्थ कळायला पुढची पंचेचाळीस वर्षं लागली.

पदवीनंतर मिरजेला एक्स-रेचा कोर्स केला. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशनचं हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून आमच्याकडे मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. शिकताना मोठ्या आतड्याची तपासणी असायची ती बेरियमची. गुदद्वारातून बेरियमचं पांढरं पाणी आत सोडायचं आणि फिल्म घ्यायची. नंतर अंधाऱ्या खोलीत जायचं. लाल दिवा, फिक्सरची आंबूस वाफ, हँगरला लावलेली फिल्म पाण्यात हलवायची आणि वाट बघायची. मला ती वेळ फार आवडायची. फिकट फिल्मवर हळूहळू काळं वर येतं आणि पांढरं तेवढं मागं उरतं. एकदा एका म्हातारबाबांची फिल्म वर आली आणि बेरियमचा रुंद पांढरा पट्टा मध्येच बारीक झालेला दिसला, दोन्ही बाजूंनी कुरतडल्यासारखा. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. म्हणाले, खाऊन टाकलेल्या सफरचंदाचा मधला भाग असतो ना, तसं हे दिसतं. गाठ कुठंय? मी पांढऱ्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "तिथं नाही. बेरियम जिथं गेलेलं नाही, तिथं गाठ आहे."

म्हणजे तिथं न दिसणं हाच असण्याचा पुरावा होता. सरांचा तांब्या आठवला आणि अंगावर काटा आला. त्या बाबांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. टेक्निशियनला माणसाचं आतलं दिसतं, त्याचं पुढचं कधी कळत नाही.

आता आण्णाचं सांगते. माझा थोरला भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मोरणेच्या काठाला त्याचं भाताचं आणि उसाचं रान आहे. गळ्यात तुळशीची माळ, रोज ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या, वर्षाला पंढरीची वारी. त्याला दिवाळीपासून संडासच्या जागेतून रक्त जात होतं. वहिनीला सांगितलं नाही, लेकाला सांगितलं नाही. मला सांगितलं ते संक्रांतीला, तेही पाठ फिरवून, जनावराला वैरण टाकता टाकता. "जरा लाल पडतंय." भावानं बहिणीला सांगायची ती जागा नव्हे. त्याची लाज मला कळली आणि त्या लाजेला मीही हातभार लावला. मी म्हटलं, मूळव्याध असेल, काही नाही. ताक पी, तिखट सोड.

गावातल्या आणि शेजारच्या गावातल्या दोन दवाखान्यांतही त्याला मूळव्याध म्हणूनच औषध मिळालं. कुणी बोट घालून तपासलं नाही. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. ३१ वर्षं दवाखान्यात राहिलेल्या मला हे माहीत नव्हतं का? गाठ गुदद्वारापासून अवघ्या ५ सेंटिमीटरवर होती. बोटाला लागली असती. आषाढात वारीला निघायच्या चार दिवस आधी त्याला चक्कर आली, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७ वर. मग दुर्बीण, तुकडा, आणि तुकड्याचा रिपोर्ट.

सहा महिने मी 'काही नाही' म्हणत होते. ती अनुपलब्धी नव्हती. मी पाहिलंच नव्हतं. दिवा न लावता, दार न उघडता, टेबलावर तांब्या नाही म्हणून सांगत होते. हे पाप कुठल्या व्रतानं फिटतं ते मला माहीत नाही. तत्त्वज्ञानाचं पुस्तक मी पुन्हा काढलं ते त्यामुळं.

पाप हा शब्द गावानंही काढला, पण वेगळ्या अर्थानं. माळकरी माणूस, मटणाला शिवला नाही, त्याला हे कसं? मग मागच्या जन्माचं काहीतरी असणार. एका बाईनं तर हळहळत विचारलं, घराण्यात कुणी नाग मारला होता का. नाग पूजणाऱ्या शिराळ्यात हा प्रश्न हलका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं एक कारण म्हणून नोंदवलं, हे खरं. म्हणून मांस न खाणाऱ्याला तो होतच नाही असं नव्हे. २०२२ साली जगात सुमारे १९ लाख माणसांना हा आजार नव्यानं झाला. एवढ्यांचा हिशेब पूर्वजन्मावर टाकणाऱ्यानं ते खातं पाहिलंय का? तीही न पाहता केलेलीच गोष्ट. फरक इतकाच की मी 'नाही' म्हटलं आणि त्यांनी 'आहे' म्हटलं. आजारी माणसाच्या उशाशी बसून कर्म-विपाक सांगणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो राग मी आवरत नाही.

पहिल्या एमआरआयला माळेनं अडवलं. तपासणीच्या दारात मुलगा म्हणाला, आजोबा, माळ काढा. आण्णा म्हणाला, "ती निघायची न्हाई." लाकडाचं यंत्राला वावडं नसतं, पण आण्णाची माळ तांब्याच्या तारेत ओवलेली होती. चुंबक तांबं ओढत नाही, तरी यंत्राच्या रेडिओलहरींनी तार तापून कातडी भाजू शकते. मुलगा बरोबर होता. आण्णाही त्याच्या जागी बरोबर होता. माळ उतरली की नेम मोडला. मी दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतली. मिरजेच्या बाजारातनं नवे मणी आणि सुती दोरा आणला आणि रात्री भाचीच्या घरी ओवत बसले. १०८ मणी, वर मेरुमणी. दोऱ्याला मेण लावलं, एकेक गाठ दातानं आवळली. पहाटे आण्णानं आंघोळ करून नवी माळ गळ्यात घातली आणि मगच जुनी उतरवली. मधे एक क्षणसुद्धा गळा मोकळा नव्हता. यंत्रात तो ३५ मिनिटं हलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, आत लई धडधड हुती, मी हरिपाठ म्हटला, धडधडीवर बरोबर बसला.

संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला जुनी सहकारी समजून स्क्रीनपुढं बसवलं. ३ मिलिमीटर जाडीचे काप, एकामागून एक. मलाशयाच्या भोवती चरबीचं गादीसारखं वेष्टण असतं, ते पांढरं दिसतं. त्या वेष्टणाला बाहेरून एक पातळ पडदा, तो काळ्या रेघेसारखा, केसाएवढा. गाठ राखाडी होती आणि एका बाजूनं तिचं टोक त्या काळ्या रेघेपासून १ मिलिमीटरच्या आत आलं होतं. त्या रेघेची गोष्ट मला त्या बाईंनीच सांगितली. बिल हील्ड नावाचे इंग्लंडमधले सर्जन. १९८२ पासून ते सांगत राहिले की नुसती गाठ कापू नका, हे सगळं वेष्टण अखंड काढा, पडद्याच्या बाहेरच्या पातळीतून. त्या पातळीला त्यांनी 'होली प्लेन' म्हटलं, पवित्र पातळी. नीट त्या पातळीतून गेलं तर गाठ तिथंच पुन्हा उठायचं प्रमाण फार खाली येतं. आणि २००६ साली जीना ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्क्युरी नावाच्या अभ्यासात दाखवलं की ती पातळी मोकळी सापडेल की नाही, हे ऑपरेशनच्या आधी एमआरआयमध्ये वाचता येतं.

एका शल्यविशारदाला माणसाच्या ओटीपोटातल्या केसभर फटीला पवित्र म्हणावंसं वाटलं, याचं मला नवल वाटलं नाही. गाभाऱ्याचा उंबरा म्हणजे तरी काय? आत कुठं थांबायचं ते सांगणारी रेघच ना?

घरात ठरलं होतं की आण्णाला काही सांगायचं नाही. भाचा म्हणाला, आत्या, त्यांना झेपायचं नाही. वहिनी पदराला डोळे पुसत म्हणाली, गाठ आहे म्हणा, कॅन्सर म्हणू नका. त्यांची माया मला कळत होती. पण ज्याच्या पोटाचं चित्र ते त्यानं सोडून सगळ्यांनी पाहायचं, हे मला सोसेना. १८९५ च्या डिसेंबरात राँटजेननं आपल्या बायकोच्या हाताचा पहिला एक्स-रे काढला. बोटांची हाडं आणि अंगठी पाहून तिला आपलं मरण दिसल्यासारखं वाटलं, असं सांगतात. पण निदान तिला दाखवलं तरी! मी बाईंकडून त्या कापाचा फोटो मोबाईलवर घेतला आणि रात्री ओसरीवर आण्णासमोर धरला.

त्यानं चष्मा लावला. बराच वेळ काही बोलला नाही. मग बोटानं काळी रेघ धरत गेला. "ह्यो बांध का?"

"हो."

"आन ही गाठ बांधाला टेकलीय. म्हंजे शेजाऱ्याच्या रानात जायाला टपलीय." मग मोबाईल परत देत म्हणाला, "बांधापासनं हिला मागं सारल्याबिगर कापायला जाऊ ने. कापणारा बांध फोडंल."

डॉक्टरांनी नेमकं हेच ठरवलं होतं. आधी पाच आठवडे लाईट, म्हणजे किरणोपचार, आणि गोळ्या, गाठ मागं हटवायची, मग पुढचं बघायचं. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटलंय, म्हणजे शेत, आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये त्या अध्यायाचा केवढा मोठा विस्तार केला. मी तो अभ्यासाला म्हणून वाचला होता, आण्णानं आयुष्यभर पाठ म्हणून वाचला. मी त्याला विचारलं, "आण्णा, शेत तुझं. मग तुला कसं कळलं नाही आत काय उगवलंय?" तो म्हणाला, "रान माझं आसलं तरी पाणी कुठं हाय ते पाणाड्याला इचारावंच लागतंय. त्यानं दावलं म्हून रान त्याचं हुईत न्हाई."

त्या श्रावणात रोज जाऊन येऊन लाईट चालू होती. सरकारी योजनेत बसल्यामुळं पैशाचं ओझं निम्म्याहून अधिक उतरलं. नागपंचमी त्यातच आली. आमच्याकडे चतुर्थीला बायका भावाचा उपवास धरतात, कारण नाग हा भाऊ. मी लहानपणापासून धरते. त्या वर्षी पहिल्यांदा तो उपवास मला पोटात जाणवला.

शिराळ्याबाहेरच्यांसाठी पंचमीची गोष्ट सांगायला हवी. गोरक्षनाथ भिक्षेला गावात आले. महाजनांच्या दारी उभे राहिले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, भिक्षा घालायला तिला उशीर झाला. नाथांनी कारण विचारलं. कळल्यावर म्हणाले, जिवंत नागाची पूजा करशील का? तिथून शिराळ्यात जिवंत नाग पूजायची रीत पडली, असं आम्ही ऐकत आलो. मी लहान असताना नागाच्या फण्यापुढं हळदकुंकू धरलंय. भीती वाटायची आणि हात जोडलेले असायचे, दोन्ही एकदम. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा आधार घेऊन खटले झाले, उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि आम्ही पुन्हा प्रतिमेकडं आलो. गावात अजून त्याची हळहळ आहे. मला नागांचे हाल थांबले याचं बरं वाटतं, आणि हळहळही कळते.

लाईटच्या त्या दिवसांत मी ही गोष्ट उलटसुलट करून पाहिली. नाथांना मातीचा नाग खोटा वाटला का? मला तसं वाटत नाही. खोटं असतं ते प्रतिमेपाशी थांबणं. एमआरआयचा काप हा मातीचा नाग आहे. हुबेहूब, पूजेला योग्य, त्याच्याशिवाय आपल्याला कळलंच नसतं. पण जिवंत नाग आण्णाच्या पोटात आहे, आणि जिवंत आण्णा बाकड्यावर बसून उलटी आवरतोय. चित्र बघून ज्याला त्या माणसाचा विसर पडला, त्याच्या दारी भिक्षा तशीच राहिली. मी ३१ वर्षांत हजारो छात्या पाहिल्या. 'श्वास घ्या, धरा, सोडा' म्हटलं. किती जणांचे चेहरे आठवतात?

दिवाळीनंतर दुसरा एमआरआय झाला. राखाडी गाठीच्या जागी काळपट वण, एका बाजूला थोडी शंका. सर्जननी बोटानं तपासलं, दुर्बिणीतून पाहिलं, आणि म्हणाले, थांबूया. मी हबकले. ऑपरेशन नाही? त्यांनी समजावलं. साओ पावलोच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ साली मांडलं की लाईट आणि औषधांनी गाठ पूर्ण विरघळलेली दिसली, तर लगेच न कापता नीट नजर ठेवून थांबता येतं. तेव्हा पुष्कळ सर्जननी तो वेडेपणा ठरवला. पुढं अनेक देशांतल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र झाल्या, आणि दिसलं की साधारण चौघांतल्या एकाला गाठ त्याच जागी पुन्हा उठते, बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. उठली आणि वेळेत सापडली तर तेव्हा ऑपरेशन करता येतं. न उठणाऱ्या तिघांची गुदद्वाराची जागा वाचते, पोटावर कायमची पिशवी येत नाही. अट एकच. वेळच्या वेळी यायचं. बोट, दुर्बीण, एमआरआय. एकही चुकवायचं नाही.

वहिनी एवढंच म्हणाली, "पंचमीला आपण चिरत न्हाई, तसंच का हे?" सर्जन हसले नाहीत. म्हणाले, "तसंच. फक्त पंचमी लांबलीय."

आणि मग फाल्गुनातला तो तिसरा कागद, आणि आण्णाचा प्रश्न.

आहे का नाही? खरं उत्तर असं आहे, की ३ मिलिमीटरच्या कापात जे दिसण्याजोगं आहे, ते नाही. त्याहून बारीक काही असेल तर ते त्या यंत्रापुरतं सरांच्या कोपऱ्यातलं पिशाच आहे. असतं तरी दिसलं नसतं. मिलिमीटरभर ठिपक्यात हजारो पेशी मावतात. म्हणून अहवाल लिहिणारे 'नाही' लिहीत नाहीत, 'दिसत नाही' लिहितात. लोकांना ती पळवाट वाटते. डॉक्टर हात झटकतात, म्हणतात. मला विचाराल तर त्या दोन शब्दांत सचोटी आहे. जेवढं पाहिलं तेवढंच बोलायचं. योग्यानुपलब्धीची अट मिरजेच्या एका तळघरात, गार खोलीत, रात्री आठ वाजता पाळली जाते.

माझे तेव्हाचे शब्द आणि हे शब्द ऐकायला सारखेच. 'काही नाही', 'काही दिसत नाही'. मी पाहिलं नव्हतं म्हणून बोलू शकले. बाईंनी प्रत्येक काप वरून खाली, पुन्हा खालून वर पाहिला, आणि तरी बोलताना हात राखला.

देवाबद्दलही मला आता असंच वाटतं. देव नाही म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, आहे म्हणणाऱ्यांशीही नाही. कुठं पाहिलं, कशानं पाहिलं, किती वेळ पाहिलं, एवढं सांगा. शिराळ्यातला मारुती समर्थांनी स्थापलेल्या अकरांपैकी एक. चुन्यातली सात फुटी उभी मूर्ती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना झरोके आहेत. सूर्य उगवताना आणि मावळताना त्यातून उजेड थेट मुखावर पडतो. लहानपणी आण्णा मला पहाटे हात धरून घेऊन जायचा. आम्ही अंधारात बसायचो. मूर्ती तिथंच असायची, पण मुख दिसायचं नाही. मग झरोक्यातून तिरीप यायची. भर दुपारी येऊन कुणी म्हणालं की असं काही होत नाही, तर त्याला काय सांगायचं? पहाटे ये, आणि बस.

हे मी आण्णाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. त्याला पांडुरंग दिसतो, वारीला जाऊन विटेवर बघून येतो, त्यामुळं माझी ही यातायात त्याला फार लागू नव्हती. त्याला वेगळं काहीतरी लागलं होतं. म्हणाला, "म्हंजे दर तीन म्हयन्याला जायाचं, आन दर टायमाला 'दिसत न्हाई' एवढंच ऐकून यायचं."

"हो."

"कधीच 'न्हाई' म्हणायचं न्हाईत?"

"पाच वर्षं झाली की थोडं मोकळं बोलतील. पण तेव्हाही बहुतेक 'दिसत नाही'च म्हणतील."

या वर्षी जेठात चौथी तपासणी झाली. तीच ओळ. आषाढात तो वारीला गेला, सगळी वाट नाही, वाखरीपासून. परत आला तेव्हा पायाला फोड होते आणि चेहरा उजळलेला होता. चतुर्थीला मी उपवास धरला. पंचमीला सकाळी वारुळाची माती आणून भिजवली, तीळ घालून मळली, आणि वहिनीच्या पाटावर नाग वळायला घेतला. फणा नेहमी माझ्याकडून जरा जाड होतो. आण्णा शेजारी येऊन बसला, ओल्या मातीवर अंगठा टेकवून त्यानं फण्यावरचा आकडा काढला, जसा तो दहा वर्षांचा असताना काढायचा. पूजा झाली. लाह्या, दूध. संध्याकाळी नाग मोरणेत सोडला. पाणी गढूळ होतं, हातातून सुटताच दिसेनासा झाला.

घरी आल्यावर त्यानं भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली आणि भाद्रपदातल्या तारखेला पेनानं गोल केला. मग पानं उलटून मार्गशीर्षातल्या एका तारखेला.

"ही कशाला आत्ताच?" मी विचारलं.

"त्येंनी भादव्यात 'दिसत न्हाई' म्हटलं तर लागंलच की," तो म्हणाला, आणि खोऱ्या घेऊन भाताला पाणी किती चढलंय ते बघायला रानात गेला.